बेसमेंटमधला बोरघाट

आमच्या ओहायोतल्या घराचं बेसमेंट साडेसात मीटर बाय चार. घर घेतलं त्याच दिवशी ठरवलं, इथे मॉडेल रेल्वे, कर्जत ते लोणावळा. लहानपण कर्जतला रुळांलगत गेलेलं, दुसरं काही सुचणारच नव्हतं.

तुम्हीही असलं काही मनात धरलं असेल तर आधी भागाकार करा. एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापात सगळं खऱ्याच्या ८७व्या हिश्श्याएवढं. कर्जत-लोणावळा २८ किलोमीटर, म्हणजे ३२० मीटर रूळ. बेसमेंट सोडा, गल्लीतही मावायचे नाहीत. म्हणून तुकडा निवडायचा. मी कर्जत स्टेशनचं पुण्याकडचं टोक, दोन बोगदे आणि एक दरीवरचा पूल घेतला. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर, भागिले ८७ म्हणजे १९.३, बाजारातला एचओ रूळ मात्र १६.५. हे पावणेतीन मिलिमीटरचं पाप पोटात घाला, नाहीतर रूळसुद्धा स्वतः बनवत बसाल.

लाकूड आणण्याआधी फरशीवर मास्किंग टेपने पूर्ण मापाचा आराखडा चिकटवा आणि आठवडाभर कपड्यांची बास्केट घेऊन त्यातून ये-जा करा. मी हे केलं नव्हतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबल ठोकलं, आणि चौथ्या महिन्यात वॉटर हीटर गळला. प्लंबर पोटावर सरपटत आत गेला, पण नवा हीटर काही सरपटत जाईना. घाटाचा दीड मीटर करवतीने कापावा लागला. तेव्हा हीटर आणि संप पंपाची (बेसमेंटमधलं पाणी उपसणारा पंप) वाट मोकळी, विजेच्या पॅनेलसमोर ९० सेंटिमीटर मोकळे, चालायच्या जागेला किमान ७५. कुठलाही रूळ कडेपासून ७५ सेंटिमीटरच्या आत हवा, कारण डबा घसरतो तो नेमका हात पोचत नाही तिथेच. बोगद्याला तर खालून हात जाईल एवढं भोक ठेवाच.

उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर चालू ठेवा. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आकसतं आणि रूळ वाकडे होतात. वळणावरचे सांधे डाखा, सरळ रुळांतले काही मोकळे सोडा.

आता चढ. बोरघाटाचा चढ ३७ला १. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर ८ सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे जवळजवळ ३ मीटर लांबीचा चढ, तोही पूल आणि बोगदा धरून. चढाची सुरुवात हळूहळू वाकवा. एकदम कोन आला की कपलिंग सुटतं. माझं इंजिन पाच डब्यांनाच जागच्या जागी चाकं फिरवायला लागलं. मग कर्जतला करतात तेच केलं, मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारं जादा इंजिन लावलं. इथे मात्र खरा वेळ द्या. दोन्ही इंजिनं सुटी, एकामागे एक चालवून डीसीसीवर (प्रत्येक इंजिन वेगळं चालवणारी डिजिटल यंत्रणा) वेग जुळवा. मागचं किंचित जास्त पळालं की मधला डबा वळणावर दाबून बाहेर फेकला जातो. मागे पडलं तर पुढचं त्यालाही ओढत बसतं. डबे हलके असले तर हा खेळ आणखी बिघडतो. एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, एवढं डब्याचं एकूण वजन होईल असं भरा. आपल्या २४ सेंटिमीटरच्या डब्याला हे साधारण १६५ ग्रॅम होतं.

वायरिंगचं थोडक्यात: टेबलाखालून १४ गेजच्या दोन रंगांच्या तारा, आणि रुळाच्या प्रत्येक तीन फुटी तुकड्याला त्यांची स्वतंत्र जोडणी. मग जागोजागी दोन्ही रुळांवर क्वार्टरचं (२५ सेंटचं) नाणं आडवं ठेवा. दर वेळी शॉर्ट सर्किट होऊन वीज आपोआप तुटली पाहिजे. जिथे तुटत नाही तिथे जोडणी कच्ची आहे, पुढे प्लॅस्टिक वितळेल.

डोंगर गुलाबी फोमचे. सह्याद्रीचा बेसाल्ट पायऱ्यापायऱ्यांचा असतो, म्हणून सुरी आडवी चालवा आणि काळपट तपकिरी रंगवा. दुकानातली पाइनची झाडं घेऊ नका, कर्जतचं कोलोरॅडो होतं.

गेल्या वर्षी आई आली. सगळं पाहून विचारलं, "वडेवाला कुठाय रे?" आता आहे. उंची १९ मिलिमीटर, डोक्यावर टोपली, वडे खसखशीचे. मोहरी घेऊ नका, एकेक वडा तळहाताएवढा दिसतो.