दसऱ्यानंतर एकटीने गडावर: निघण्याआधीची तयारी

दसरा झाला, पाऊस ओसरला, की नाशिकजवळ दिंडोरीच्या पुढे सातमाळेची डोंगररांग कोरून काढल्यासारखी स्वच्छ दिसायला लागते आणि माझे पाय शिवशिवायला लागतात. मैत्रिणींच्या सुट्ट्या जुळत नाहीत, म्हणून बरेचदा मी एकटीच जाते. पूर्वी त्यावरून घरात वाद व्हायचा, आता यादी होते.

यादीतलं पहिलं काम सॅकमध्ये भरण्याचं नाही. एका कागदावर लिहायचं: गड कोणता, कोणत्या गावातून चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, खाली आल्याचा फोन किती वाजता करणार, आणि तो आला नाही तर किती वाजता हालचाल सुरू करायची. हा कागद आमच्या फ्रिजवर लागतो. ‘हरिहरला गेलीय’ एवढं सांगून भागत नाही. हरिहरला निरगुडपाड्याकडूनही जाता येतं आणि हर्षेवाडीकडूनही. शोधायला आलेला माणूस उलट्या बाजूला उभा राहिला तर अर्धी रात्र तिथेच जाते. हीच माहिती पायथ्याच्या गावातही द्यायची. ‘मावशी, वर एकटीच चाललेय, चारपर्यंत उतरते,’ एवढं पुरतं. द्राक्षपट्ट्यातल्या गावांत मात्र या दिवसांत ऑक्टोबर छाटणीची धांदल असते, सकाळी घरं रिकामी असतात. मग देवळापाशी किंवा टपरीवर कुणीतरी गाठायचं.

दुसरं, मागे फिरायची वेळ. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, पण डोंगराच्या पूर्व अंगाला आणि घळीत त्याच्या बरंच आधी अंधारून येतं. मी उजाडता उजाडता चढायला लागते आणि बारा वाजता जिथे असेन तिथून परत फिरते. माथा वीस मिनिटांवर दिसत असला तरी. हे पाळणं फार जड जातं, म्हणून ती वेळही कागदावर लिहिलेली असते. परतीची शेवटची एसटी कितीची, हे सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारायचं. गाडी चुकेल या धास्तीने उतरताना पळणं हेही पाय मुरगळण्याचं एक कारण असतं.

आता वाट. हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले. कातळाचा उभा कडा, मग गवताचा उतार, मग पुन्हा कडा. त्यामुळे चढताना वाट चुकली तर कडा समोर येऊन अडवतो. उतरताना चुकली तर तो पायाखाली असतो आणि वरून दिसत नाही. घळ गावाच्या दिशेने सरळ उतरताना दिसते, पण मध्येच तुटलेली असते. एका नोव्हेंबरात मी अशाच एका घळीत शिरले होते. खाली गावातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता, इतकं जवळ! पंधरा मिनिटं घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावरून, बसत-सरकत गेले आणि पुढे नुसती हवा. परत वर चढायला तासभर लागला. तेव्हापासून चढताना दर वळणावर मागे वळून फोटो काढते, कारण उतरताना वाट तशी दिसणार असते. आणि वाट हरवली असं वाटलं की खाली जायचं नाही. शेवटची ओळखीची खूण जिथे होती तिथवर वर परत जायचं.

या दिवसांत वाट हरवते ती गवतामुळे. पावसाळ्यात उगवलेलं गवत कमरेपर्यंत आलेलं असतं, वाळून आडवं पडतं, पायवाट झाकतं आणि तिरप्या उतारावर तेलासारखं निसटतं. बुटाचा तळवा झिजलेला असेल तर आदल्या आठवड्यातच बूट बदलायचे आणि नवे बूट चार दिवस घालून शहरात फिरायचं. कुसळांसाठी पूर्ण बाह्या, पूर्ण पँट. गवत चाचपायला काठी हवी, पण कातळात पाय ठेवायला कोरलेल्या खोबण्या, म्हणजे पावठ्या, सुरू झाल्या की ती सॅकला बांधायची, दोन्ही हात मोकळे हवेत. हरिहरच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या आहेत. हाताला धरायला खोबण्या आहेत, त्यांत कधी माती तर कधी सावलीतलं ओलं शेवाळ असतं. उतरताना तोंड कातळाकडे ठेवायचं. दृष्टिभय, म्हणजे उंचावरून खाली बघायची भीती, असेल तर तिथे एकटीने जाऊच नये. आधी रामशेज, मग अंजनेरी, असं करत आपला आवाका बघावा. कुठल्याही गडावर मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हा टप्पा मला दोराशिवाय उतरता येईल का? उत्तर ‘बहुतेक’ असेल तर चढत नाही.

ऑक्टोबरचं ऊन थट्टेवारी नेऊ नका. चार लिटर पाणी घरूनच घ्यायचं, गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यातल्या पाण्यावर हिशोब करायचा नाही. लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस, दशम्या, गूळ-शेंगदाणे. सकाळचा घामेजलेला शर्ट संध्याकाळच्या वाऱ्यात हुडहुडी भरवतो म्हणून एक कोरडा शर्ट आणि विंडचीटर. परतीचा पाऊस अजून रेंगाळत असेल तर दुपारी विजा होतात. विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप सकाळी बघायचं आणि ढग चढायला लागले की डोंगराच्या धारेवरून खाली सरकायचं.

अत्तर, सुगंधी तेल घरी ठेवायचं. कड्यांना आग्या मोहोळं असतात. आणि डोंगरावर विस्तव अजिबात नाही, धुराने माशा उठतात आणि वाळलं गवत पेटतं ते वेगळंच. माशा उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून, पाय बघत दूर व्हायचं. साप उन्हाला दगडावर येतात, त्यामुळे जिथे नजर पोचत नाही तिथे हात घालायचा नाही. घोणस, फुरसं चावलं तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नये. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवते. ‘हालचाल करू नका’ हा सल्ला एकट्या माणसाला अर्धाच पाळता येतो. आधी बसून ११२ किंवा १०८ लावायचा, शिट्टी वाजवायची. एकही फोन लागला नाही तर सावकाश खाली.

फोन एअरप्लेन मोडवर. रेंज शोधण्यातच त्याची बॅटरी संपते, आणि जीपीएस तसाही चालतो, नकाशा तेवढा आधी उतरवून घेतलेला हवा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाच्या टॉवरवरून ११२ लागू शकतो. शिट्टी गळ्यात हवी, सॅकच्या तळाशी नको: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. सकाळची सहल असली तरी हेडटॉर्च. क्रेप बँडेज. खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर असलेली चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत.

आणि खाली आल्यावर चहा मागवायच्या आधी फोन. एकदा मी तो विसरले आणि एसटीत झोपले. वणीच्या स्टँडवर जाग आली तेव्हा भाऊ मोटारसायकल काढून निघालेला होता.