भाजल्यावर पहिली वीस मिनिटं

भाजलं की घरात मलम शोधायची धावपळ सुरू होते. मलम राहू द्या, माणसाला आधी नळाखाली न्या.

कपड्यांनी पेट घेतला असेल तर मात्र पळू देऊ नका, वाऱ्याने आग भडकते. जमिनीवर लोळवा किंवा जाड सुती पांघरूण टाकून ज्वाळा विझवा.

आता पाणी. नळाचं साधं गार पाणी भाजलेल्या जागेवर सलग 20 मिनिटं वाहू द्या, घड्याळ बघूनच. दोन मिनिटांत आग शमल्यासारखी वाटते आणि हात बाजूला घेतला जातो. चूक होते ती इथेच. गॅस बंद केला तरी पातेलं तापलेलं राहतं, तशी कातडीतली उष्णता खालच्या थरांत उतरतच असते. भाजून 3 तास होईपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो, म्हणून उशीर झाला तरी हे टाळू नका. बर्फ नको, त्याने जखम आणखी बिघडते. लहान मूल लगेच गारठतं, त्याचं बाकीचं अंग पांघरुणात ठेवा.

पाणी चालू असतानाच अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. बोट बघता बघता सुजतं, अंगठी रुतते आणि मग ती कापावी लागते. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, त्याच्या भोवतीने कात्रीने कापा.

टूथपेस्ट, तेल, लोणी काहीही लावू नका. डॉक्टरांना जखम दिसत नाही, आणि ते पुसून काढताना रुग्णाचे फार हाल होतात. फोडही फोडू नका. अन्न झाकायची पातळ पारदर्शक फिल्म वरून नुसती अंथरा, आवळून गुंडाळू नका. नसेल तर स्वच्छ, धागे न सुटणारं कापड चालेल.

भाजलेली जागा रुग्णाच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, जननेंद्रियं भाजली असतील, तर दवाखाना गाठा. तान्हं बाळ आणि वृद्ध यांच्या बाबतीत लहान जखमही दाखवा. कातडी पांढरी किंवा काळी पडली आणि तिथे दुखतच नाही, तर हायसं वाटून घेऊ नका. तिथल्या नसाच जळालेल्या असतात.

बंद खोलीतल्या आगीतून बाहेर आलेल्याचा आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस करपले असतील किंवा थुंकीत काजळी असेल, तर अंगावर एकही डाग नसला तरी लगेच रुग्णवाहिका बोलवा. श्वासनलिका आतून सुजून काही तासांत बंद होऊ शकते. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला बसतं ठेवा.