गच्चीवरून गुरूचे पट्टे टिपायचे तर

शहरात आकाशगंगा दिसत नाही, हे खरंच. पण चंद्र, गुरू आणि शनी इतके तेजस्वी असतात की रस्त्यावरच्या दिव्यांनी त्यांचं फारसं बिघडत नाही. दुर्बिणीला कॅमेरा जोडून व्हिडिओ घ्यायचा असेल तर सुरुवात यांच्यापासूनच करावी. आपल्याकडे ग्रह डोक्यावर बरेच उंच येतात, हा आणखी एक फायदा. उंचावरचा ग्रह हवेच्या कमी थरांतून दिसतो.

फोटोऐवजी व्हिडिओ का? हवा सतत हलत असते, त्यामुळे ग्रह क्षणात स्पष्ट होतो आणि क्षणात पुसट. एकच फोटो काढला तर तो कुठल्या क्षणी पडेल, सांगता येत नाही. व्हिडिओत हजारो फ्रेम मिळतात. त्यातल्या चांगल्या निवडून एकावर एक बसवायच्या, एवढंच याचं तंत्र आहे.

समजा, तुमच्याकडे ८ इंची आरशाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची दुर्बीण) आहे, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) १२०० मिलिमीटर. कॅमेरा असा हवा की ज्याला स्वतःचं भिंग नाही आणि जो आयपीसच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी, सव्वा इंची नळीत बसतो. याला प्लॅनेटरी कॅमेरा म्हणतात. घरातला हँडीकॅम आयपीसच्या मागे धरूनही चंद्र टिपता येतो, पण ग्रहांसाठी त्यात जीव रमत नाही.

पहिलं काम दिवसाउजेडी उरका. लांबचा मोबाइल टॉवर दुर्बिणीच्या मधोमध आणा आणि फाइंडरची (दुर्बिणीवरच्या छोट्या नेम-दुर्बिणीची) फुली त्याच टोकावर जुळवा. मग कॅमेरा लावून तिथेच फोकस करून बघा. काही न्यूटनियन, म्हणजे अशाच आरशाच्या दुर्बिणींत फोकसर पूर्ण आत नेला तरी कॅमेऱ्याचा फोकस लागत नाही. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) लावला की बहुधा लागतो. या वेळी दुर्बीण सूर्याच्या आसपासही फिरवू नका. योग्य सौर फिल्टर पुढे नसेल तर डोळा आणि कॅमेरा दोन्ही जातील.

रात्री दुर्बीण तासभर आधी गच्चीवर ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका गार होतो. दिवसभर तापलेला स्लॅब उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. शेजारचे पत्रे किंवा एसीचं आउटडोअर युनिट ज्या दिशेला असेल, त्यावरून ग्रह बघू नका. चित्र उकळल्यासारखं हलतं.

आता खरी परीक्षा: ग्रह स्क्रीनवर आणणं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. सेन्सर ६ मिलिमीटरच्या आतबाहेर रुंद असला, तर १२०० मिलिमीटरला आकाशाचा साधारण १६ कलांचा (६० कला म्हणजे एक अंश) तुकडाच दिसतो, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम निम्मा. आधी जास्त वर्धनाच्या आयपीसने ग्रह अगदी मध्यात आणा, मगच कॅमेरा घाला. स्क्रीन काळीच राहिली तर गेन (सेन्सरची संवेदनशीलता) आणि एक्स्पोजर दोन्ही वाढवा. फोकस सुटलेला ग्रह मेदूवड्यासारखा दिसतो, मध्ये काळं भोक असलेला. तो दिसला की अर्धी लढाई जिंकली. फोकसर हळूहळू फिरवत तो लहान करत जा. प्रत्येक स्पर्शाने चित्र थरथरतं, म्हणून हात काढून थोडं थांबा आणि मग बघा. गुरूचे चंद्र बारीक ठिपके दिसू लागले की फोकस लागला.

एक्स्पोजर गुरूसाठी १० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, शनी मंद असल्याने त्याला दुप्पट-तिप्पट लागतं. ग्रहाचा कुठलाही भाग पांढराफटक होऊ देऊ नका. शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) समोर असतो; तो ६०-७० टक्क्यांपर्यंत पुरे.

डॉब्सोनियनला मोटर नसली तरी अडत नाही. दुर्बीण ग्रहाच्या थोडी पुढे न्या, हात काढा, रेकॉर्डिंग चालू करा आणि ग्रहाला फ्रेम ओलांडू द्या. वर सांगितलेल्या सेन्सरवर त्याला मिनिटभर लागतं, २ पटीच्या बार्लोने अर्धा मिनिट. असे चार-पाच तुकडे लागोपाठ घ्या, पण गुरूच्या बाबतीत रेंगाळू नका. तो स्वतःभोवती सुमारे ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटांपलीकडचे तुकडे एकत्र केले की पट्ट्यांमधले बारकावे पसरतात. लॅपटॉपमध्ये जागा मोकळी असू द्या. पूर्ण एचडी, सेकंदाला ३० फ्रेमवर कच्चा व्हिडिओ मिनिटाला साडेतीन जीबीच्या वर जातो.

पुढचं काम घरात बसून. पिप हे सॉफ्टवेअर वाहत गेलेला ग्रह प्रत्येक फ्रेममध्ये मध्यावर आणतं. ऑटोस्टॅकर्ट फ्रेमचा दर्जानुसार क्रम लावतं. वरच्या १०-२० टक्के घेऊन त्यातच एकावर एक बसवा. शेवटी रजिस्टॅक्समधल्या वेव्हलेटच्या (बारकावे उठावदार करणाऱ्या) सरकपट्ट्यांनी धार आणा. तिन्ही फुकट मिळतात. धार आणताना हात आखडता ठेवा. ग्रहाच्या कडेला पांढरी किनार उमटली, की सरकपट्टी मागे घ्यायची वेळ झाली.