तुडतुडा धुऱ्यावरून दिसत नाही

धान पिवळं पडलं की आमच्या भागात पहिला सल्ला ठरलेला: युरिया टाका. तुडतुडा, म्हणजे धानाच्या बुडाशी बसून रस शोषणारा तपकिरी किडा, लागला असेल तर याहून वाईट काही नाही. नत्र वाढलं की धान लुसलुशीत होतं, बुडाशी दाट, दमट सावली धरते. किडीला दोन्ही हवंच असतं. (गोंदिया-भंडाऱ्याकडे याला सरसकट मावा-तुडतुडा म्हणतात. मावा वेगळा कीटक, पण नाव पडलं ते पडलं.)

वाण एमटीयू 1010 सारखा सहनशील घ्या, पण ‘याला फवारणी लागतच नाही’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. सहनशील वाणावर कीड बसते, फक्त झाड लवकर कोलमडत नाही. प्रतिकारक वाणाची गोष्ट वेगळी. काही वाणांत तुडतुडा सोंड खुपसून रस ओढायला लागला की झाड कॅलोज नावाच्या पदार्थाने रसवाहिनीला बूच मारतं. उपाशी मादी अंडीही कमी घालते. पण किडाही बदलतो. फिलिपाइन्समध्ये 1973 साली आयआर 26 हा प्रतिकारक वाण आला आणि तीन-चार वर्षांतच त्यावर पोसणारा तुडतुडा तयार झाला. म्हणून सगळ्या शिवारात वर्षानुवर्षं एकच वाण नको.

रोवणीत दर दोन-तीन मीटरवर फूटभर पट्टा मोकळा सोडा. युरिया तीन हप्त्यांत द्या.

आता पाहणी. सगळे इथेच चुकतात, मीही चुकलो. तीन हंगाम मी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभा राहून ‘धान झकास आहे’ म्हणत होतो. वरून हिरवंगार, आणि एका सकाळी बांधीच्या (धानाच्या वाफ्याच्या) मधोमध जळाल्यासारखं गोल खळं. खळं दिसलं तेव्हा उशीर झालेला असतो.

ऑगस्टच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा, धान पोटरीत आलं (कणीस आत फुगू लागलं) की दोनदा बांधीत उतरा. तिरपं चालत वीस चुडं (रोवलेल्या रोपांचे झुपके) बघा. दोन्ही हातांनी चूड फाकवा, डोळे पाण्याच्या दोन बोटं वर न्या आणि बुडावर चापट मारा. तांदळाच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी किडे टपटप पाण्यावर पडतील. काही तिरपे सरकत खोडाच्या मागे लपतील. हाताला चिकट लागलं तर समजा वस्ती जुनी आहे. चुडामागे दहाच्या आसपास तुडतुडे भरले तरच औषध काढा.

त्याच वेळी कोळी मोजा, आणि चपळ, हिरवे मिरिड ढेकूणही. हे ढेकूण तुडतुड्याची अंडी शोषतात, नवखा माणूस त्यांनाच कीड समजतो. कोळी-ढेकूण भरपूर असतील तर तीन दिवस थांबून पुन्हा मोजा.

एका वर्षी दुकानदाराने ‘जोरदार आहे’ म्हणून सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक हातात दिलं. मी वरून शेंड्यांवर मारलं. कोळी मेले. बुडाशी तुडतुडे तसेच, आणि पानाच्या आवरणात घातलेली अंडी तर सुखरूप. पंधरा दिवसांत चार खळी एकमेकांना मिळाली. त्या तणसाला आमच्या बैलांनीही तोंड लावलं नाही. तुडतुड्यावर पायरेथ्रॉइड नको म्हणजे नको.

औषधाआधी बांधीतलं पाणी तीन-चार दिवस काढा. मात्र धान फुलोऱ्यात असेल आणि पुन्हा पाणी मिळायची खात्री नसेल तर काढू नका. मग एकरी 120 ग्रॅम पायमेट्रोझिन (50 टक्के) 200 लिटर पाण्यात. हातमोजे, तोंडावर फडकं. सोडलेल्या पट्ट्यातून चाला, नोझल गुडघ्याखाली धरा, चुडांचं बूड ओलं व्हायला हवं. हे औषध किडा लगेच मारत नाही, त्याचं खाणं बंद करतं. दुसऱ्या दिवशी जिवंत तुडतुडे बघून पुन्हा पंप उचलणारे बरेच पाहिलेत. त्यांनी पैसे पाण्यात घातले.

पाहिलेल्या पाच-सहा चुडांना आधीच तणसाची गाठ मारून ठेवा. अंडी सात ते नऊ दिवसांत फुटतात, म्हणून आठव्या-नवव्या दिवशी त्याच चुडांवर पुन्हा चापट मारायची. पांढुरकी बारकी पिल्लं थोडीच पडली आणि कोळी फिरताना दिसले तर पंप धुऊन ठेवून द्या.