लायडार आणि सॅटेलाइट इमेज जोडून झाडांचा नकाशा कसा बनवायचा

लायडार म्हणजे वरून लेझर मारून केलेलं स्कॅन, त्याला उंची कळते, हिरवं काय ते कळत नाही. इमेजचं बरोबर उलटं, तिला गवत आणि झाड दोन्ही हिरवंच दिसतं. म्हणून दोन्ही जोडायचे.

१) लायडारची फाइल आणि सेंटिनेल-२ या युरोपियन उपग्रहाची फुकट मिळणारी इमेज घ्या, शक्यतो एकाच मोसमातली, नाहीतर पानगळीतलं स्कॅन आणि पावसाळ्यातला फोटो असली जोडी जमून बसते.

२) दोन्ही एकाच प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) आणा. जमिनीची उंची दुसरीकडून घेणार असाल तर ती समुद्रसपाटीपासूनची आहे की जीपीएसवाली (पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली) ते आधी बघा, काही भागात हा फरक १०० मीटरच्या आसपास जातो आणि मग झाडं चक्क जमिनीखाली जातात!

३) पीडॅलमध्ये (लायडारचे पॉइंट हाताळणारं फुकट सॉफ्टवेअर) जमिनीचे पॉइंट वेगळे करा (लायडार फाइलमध्ये जमिनीचा कोड क्लास २). वरच्या पृष्ठभागातून जमीन वजा केली की झाडांची उंची मिळाली. तीव्र उतारावर हा फिल्टर गंडतो, कड्याची धार झाड म्हणून येते, तिथे हाताने तपासा.

४) क्यूजीआयएस या फुकट नकाशा सॉफ्टवेअरमध्ये बँड ८ (इन्फ्रारेड) आणि बँड ४ (लाल) वरून एनडीव्हीआय, म्हणजे हिरवळीचा आकडा, काढा. जानेवारी २०२२ च्या शेवटापासूनच्या इमेजमध्ये पिक्सेल व्हॅल्यूत १००० जास्तीचे असतात, काही ठिकाणी ते आधीच वजा करून देतात, नसतील तर तुम्ही करा, नाहीतर सगळी हिरवळ उगाच फिकी दिसते.

५) आता खरं काम, जुळवणी. सेंटिनेलचा पिक्सेल १० मीटरचा, त्याचे १ मीटरचे तुकडे केले म्हणून नवी माहिती येत नाही, त्यापेक्षा लायडारच १० मीटरच्या चौकोनात गोळा करा, सरासरी उंची आणि किती टक्के भाग झाडांनी झाकलाय ते. ड्रोनचा फोटो असेल तर वेगळीच गंमत, उंच झाड फोटोत बाहेरच्या बाजूला कललेलं दिसतं आणि त्याचा शेंडा शेजारच्या रस्त्यावर सांडतो. हे सरकणं उंचीप्रमाणे बदलतं, त्यामुळे अख्खी इमेज ढकलून काही होत नाही, ट्रू ऑर्थोफोटोच (प्रत्येक गोष्ट अगदी सरळ वरून दिसेल असा दुरुस्त केलेला फोटो) लागतो.

६) मग नियम लावा: उंची २ मीटरच्या वर आणि एनडीव्हीआय ०.४ च्या वर म्हणजे झाड. उंच पण हिरवं नाही ते बहुतेक इमारत. आकडे सुरुवातीपुरते आहेत, काही जागा प्रत्यक्ष बघून बदला आणि तपासणीसाठी दुसऱ्याच जागा ठेवा.

पाण्यावर लायडारमध्ये भोकं दिसली तर घाबरू नका, पाणी इन्फ्रारेड लेझरचा प्रकाश शोषून घेतं. ती भोकं सॉफ्टवेअरला भरू देऊ नका, तिथे पाण्याची हद्द इमेजवरूनच काढा.