व्यायाम सुरू करण्याआधी: विशी-पंचविशीतल्या मुलींसाठी तयारी

सगळ्यात आधी रक्त तपासून घ्या. बूट, ट्रॅक पँट, मोबाइलमधलं पावलं मोजणारं ॲप हे सगळं नंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे ‘मी धडधाकट आहे, मला कशाला तपासणी’ असं कुणीच धरून चालू नये. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. जमलं तर त्याच वेळी फेरिटिनही तपासा, कारण हिमोग्लोबिनचा आकडा बरा दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. जिना चढताना धाप लागते, केस जास्त गळतात, पाळीत खूप रक्त जातं, अशा मुलींनी तर ही तपासणी टाळूच नये.

मी लोहापासून सुरुवात करते आहे त्याला कारण आहे. व्यायामात स्नायूंना ऑक्सिजन कितीतरी जास्त लागतो आणि तो वापरला जाताना फ्री रॅडिकल्स तयार होतात. हे अस्थिर कण पेशींमधल्या चरबीला, प्रथिनांना, डीएनएला इजा करू शकतात. त्यांना आवरायचं काम शरीराची स्वतःची एन्झाइम करतात. कॅटलेज या एन्झाइमच्या गाभ्यात लोह असतं, सुपरऑक्साइड डिसम्युटेजला तांबं, जस्त आणि मँगेनीज लागतं, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम. कण जास्त आणि आवरणारे कमी अशी अवस्था झाली की तो ऑक्सिडेटिव्ह ताण. एकदाच केलेल्या दमवणाऱ्या व्यायामाने हा ताण वाढतो. नियमित व्यायामाने मात्र ही एन्झाइम हळूहळू वाढतात आणि तेवढंच अंतर पळून पूर्वीपेक्षा कमी ताण येतो. शरीर हे शिकतं ते त्या थोड्याथोड्या ताणातूनच. म्हणून तो पार घालवायचा नाही, पेलेल इतकाच घ्यायचा. पुढची सगळी तयारी त्यासाठी आहे.

लोहाच्या गोळ्या मैत्रीण घेते म्हणून तुम्ही सुरू करू नका. कमी लोह जितकं वाईट तितकंच गरजेपेक्षा जास्त लोहही वाईट, कारण मोकळं लोह स्वतःच फ्री रॅडिकल्स तयार करायला मदत करतं. गोळी किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ठरवायचं.

स्वयंपाकघरातली तयारी मात्र आजपासून करता येते आणि ती महाग नाही. मोड आलेली मटकी, बाजरीची भाकरी, राजगिऱ्याची किंवा चवळीची पालेभाजी, अळीव, तीळ, शेंगदाणे, हरभरे यांतून लोह मिळतं. मांसाहार करत असाल तर मटण, मासळी यांतलं लोह अधिक सहज शोषलं जातं. धान्य-भाजीतलं लोह अंगी लागायला सोबत सी जीवनसत्त्व हवं. पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळा. जेवणासोबत आवळा किंवा पेरू खा. आणि पोह्यांसोबतचा चहा तासभर पुढे ढकला, कारण चहातली द्रव्यं लोहाचं शोषण अडवतात. आपल्याकडे ही एक सवय मोडायला सगळ्यात जड जाते, पण फायदा मोठा आहे. सकाळी उपाशीपोटी पळायला जाणाऱ्या मुलींनी निदान एक केळं किंवा दोन खजूर खाऊन निघावं. वजन उतरवायचं म्हणून रात्रीचं जेवण बंद आणि सकाळी दोन तास मैदान, हा प्रकार मी पुन्हा पुन्हा बघते आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. अन्नच कमी पडलं तर शरीर दुरुस्ती करणार कशाच्या जोरावर?

आता अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे फ्री रॅडिकल्सना आवरणाऱ्या द्रव्यांच्या, डब्यांबद्दल. जिममध्ये, भरतीच्या अकादमीत कुणी ना कुणी सी आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या सुचवतंच. तुमच्या सामानाच्या यादीतून त्या खोडून टाका. जर्मनीतल्या संशोधकांच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला, त्यांतल्या काहींना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि सोबत ई जीवनसत्त्व. गोळ्या न घेणाऱ्यांचं शरीर रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला आधीपेक्षा चांगली साथ देऊ लागलं, घेणाऱ्यांचं नाही. ते सगळे पुरुष होते. पण २०१४ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी तरुण मुलं आणि मुली दोघांना घेऊन ११ आठवडे असाच प्रयोग केला. दमसास दोन्ही गटांचा वाढला, तरी गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंमध्ये मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढण्याच्या खुणा कमी दिसल्या. ज्या ताणातून स्नायू शिकतात तोच दाबला तर शिकणं अर्धवट राहतं, असा याचा अर्थ मी घेते. फळं-भाज्यांना ही भीती नाही. त्या भरपूर खा.

कॅलेंडरवर किमान १२ आठवडे आखा. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, शिवाय दोन दिवस ताकदीचा, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन आहे. तिथपर्यंत हळूहळू पोचायचं. पहिले तीन आठवडे भराभर चालणं आणि मध्येमध्ये हलकं पळणं पुरे. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण असतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी घड्याळ लावून जीव तोडून पळायचा मोह होतो. तो आवरा. जोराच्या दोन दिवसांमध्ये एक हलका दिवस ठेवा. पाच दिवस काही नाही आणि रविवारी एकदम दहा किलोमीटर, यात ताण सगळा मिळतो, सवय काहीच लागत नाही. झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका.

कपड्यांत नीट बसणारी स्पोर्ट्‌स ब्रा आणि टाचेला आधार देणारे बूट एवढ्यावर तडजोड नको. बाकी घरात आहे ते चालेल.

जागा आधी बघून ठेवा. थंडीत पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहते आणि ती हवाही ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवते. हायवेच्या कडेला, कचरा पेटवतात तिथे पळू नका. शाळेचं मैदान, टेकडी, शेताचा रस्ता बरा. सिगारेट, हुक्का बंद. गावाकडे दात घासायला मिश्री लावायची सवय असेल तर तीही, कारण ती तंबाखूच आहे.

एक वही ठेवा. सकाळी उठल्या उठल्या नाडीचे ठोके, झोपेचे तास, पाळीची तारीख. पाळीत व्यायाम चालतो, पोट दुखत असेल तर कमी करा. पण व्यायाम वाढवल्यावर पाळी लांबत गेली, तीन महिने आलीच नाही, तर ‘व्यायामाने असं होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. गरोदरपण नसेल तर अनेकदा ते कमी खाण्याचं लक्षण असतं, आणि त्यात इस्ट्रोजेन हे हार्मोन घटून हाडं कमजोर होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, आईला सांगा.

पहिल्या आठवड्यात पोटऱ्या, मांड्या दुखतील. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, मग कमी होईल. मात्र खूप उठाबशा काढल्यावर स्नायू सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. १२ आठवडे झाले की हिमोग्लोबिन पुन्हा तपासा आणि दोन्ही रिपोर्ट वहीत शेजारी शेजारी चिकटवा.