पेट शॉपमध्ये कासवं-इग्वाना सांभाळायला येणाऱ्यांसाठी

सांगलीतल्या पेट शॉपमध्ये नव्याने कामाला आलेल्या मुलामुलींना कुत्र्यांचं आणि पक्ष्यांचं काम लवकर जमतं. अडतं ते कोपऱ्यातल्या काचेच्या टाक्यांपाशी. कुत्रं भुकेलं की ओरडतं, पक्षी आजारी पडला की पिसं फुगवून बसतो. कासव मात्र आतून खंगत असलं तरी कित्येक आठवडे नेहमीसारखंच बसलेलं दिसतं. मी हे काम बरीच वर्षं करते आहे आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते: आधी तापमान बघ, खाणं नंतर.

या प्राण्यांना स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवता येत नाही. बाहेरची ऊब मिळाली तरच त्यांचं पचन चालतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलाच गारठा पडतो, दुकान रात्रभर बंद असतं आणि सकाळी टाकीतलं पाणी हाताला गार लागतं. अशा वेळी कासव खात नाही. मग कुणीतरी काळजीने आणखी दाणे टाकतं आणि पाणी घाण होतं. जबरदस्तीने खायला घातलं तर ते पोटातच कुजतं. दुकानातल्या नेहमीच्या स्लायडर कासवाला (डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव) पाणी साधारण 25-26 अंश लागतं आणि चढून बसायच्या दगडावर 32 अंशांच्या आसपास ऊब लागते. म्हणून थर्मोमीटर दोन ठेवा, एक पाण्यात आणि एक दगडावर. हिटर चालू आहे म्हणजे पाणी गरम आहे असं धरून चालू नका, आकडा वाचा. दुकान उघडल्यावर पहिलं काम हेच.

उन्हाळ्यात उलटी गत होते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखाली काचेची टाकी तापली तर थोड्या वेळात जीव जातो, थंडीपेक्षा लवकर. त्यामुळे टाकीची एक बाजू उबदार आणि दुसरी गार हवी. कुठे बसायचं ते प्राणी स्वतः ठरवतो, आपण फक्त दोन्ही जागा द्यायच्या.

उजेडाचं प्रकरण बहुतेक दुकानांत दुर्लक्षित राहतं. कासवाला आणि इग्वानाला, म्हणजे त्या मोठ्या सरड्याला, हाडांसाठी यूव्हीबी किरण (उन्हातले अतिनील किरण) लागतात. साधी काच ते अडवते, म्हणून शोकेसमध्ये येणारं ऊन या कामाचं नाही. यूव्हीबीचा बल्ब वर्षभरानंतरही लख्ख पेटतो, पण त्यातली ती किरणं तोवर बरीच कमी झालेली असतात. बल्ब लावला त्या दिवसाची तारीख मार्करने होल्डरवर लिहून ठेवा. सकाळचं कोवळं ऊन फुकट मिळतं. क्रेटमध्ये अर्ध्या भागावर सावली करून थोडा वेळ बाहेर ठेवा, मात्र तिथून हलू नका, कावळे आणि मांजरं टपलेली असतात. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं समुद्रफेन (कटलफिश या समुद्री प्राण्याचं पांढरं हाड) चालतं. इग्वाना पूर्ण शाकाहारी असतो. त्याला जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळा, दुधी द्या. पालक रोज देऊ नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

आजाराच्या खुणा डोळ्यांत भरत नाहीत, शोधाव्या लागतात. पोहताना एका बाजूला कललेलं कासव, नाकाशी बुडबुडे, सुजून मिटलेले डोळे, बोटाने दाबली जाणारी पाठ. दर आठवड्याला डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा, कारण वजन घटणं हीच सगळ्यात आधीची खूण असते. डॉक्टरांकडे जाताना ही वही आणि टाकीतल्या तापमानाचे आकडे सोबत न्या. आपल्या भागातले बहुतेक डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्र्यांवर उपचार करणारे आहेत. त्यामुळे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जनावरांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचं औषध कासवांना चालत नाही, त्याने कासव दगावू शकतं. हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगायला कचरू नका. पुढे शिकायचं असेल तर सातारा जिल्ह्यातच शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बारावी सायन्सला असलेल्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

काउंटरवरचं बोलणं हाही प्राण्यांच्या काळजीचाच भाग आहे. नाण्याएवढं दिसणारं स्लायडरचं पिल्लू पुढे ताटलीएवढं होतं आणि 30 वर्षंही जगतं. हे ऐकून गिऱ्हाईक परत गेलं तर जाऊ द्या. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर साल्मोनेलाबद्दल (कासवांच्या अंगावरून माणसाला लागणारे, जुलाब-ताप आणणारे जंतू) सांगा, हाताळल्यावर साबणाने हात धुवायला सांगा. याच कारणावरून अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी आहे. आपल्याकडेही इतकी लहान पिल्लं विकू नयेत असं माझं ठाम मत आहे.

कायद्याचं थोडक्यात. 2018 च्या नियमांनुसार दुकानाची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे लागते. नोकरी धरण्याआधी ते प्रमाणपत्र बघायला मागा. अनेक परदेशी जातींची वेगळी नोंदणी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. चांदणी कासव किंवा नदीतलं मऊ पाठीचं कासव ही आपल्याकडची संरक्षित कासवं, ती दुकानात दिसली तर तिथे काम करू नका. पावसाळ्यात कुणी ना कुणी सापडलेलं कासव विकायला आणतं, कुणी पैशांच्या पावसासाठी 'वीसनखी' कासव मागतं. दोघांनाही नाही म्हणा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

आणि पूर. 2019 साली पाणी कुठवर आलं होतं ते सांगलीकरांना सांगायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी 40 फूट ही इशारा पातळी आहे, 45 फूट धोक्याची. आमच्याकडे इशारा पातळी येण्याआधीच टाक्या रिकाम्या करून प्राणी हलवतो. कासवं पाण्यात न ठेवता झाकणाच्या, भोकं पाडलेल्या क्रेटमध्ये ओल्या टॉवेलवर ठेवायची, एका क्रेटमध्ये थोडीच. झाकण दोरीने बांधायचं. स्लायडर मूळचं अमेरिकेतलं, ते कृष्णेत सुटलं तर तिथल्या कासवांचं खाणं आणि उन्हात बसायच्या जागा बळकावतं. म्हणून वरच्या मजल्यावर पोचल्यावर प्रत्येक क्रेटमधली कासवं मोजायची आणि आकडा वहीशी ताडून बघायचा.